चाचा हजला निघाले तेव्हा

अमडापूरहून चिखलीला जायचं म्हटलं तरी मला एसटीच्या पायरीची धास्ती वाटते. आधी पिशवी वर ठेवायची, मग डावा पाय, मग दांडा धरून उजवा पाय वर ओढून घ्यायचा. मागची माणसं ताटकळतात. कंडक्टर चांगला असला तर थांबतो, नसला तर म्हणतो, "मावशी, आटपा." माझं वय काही मावशी म्हणण्याचं नाही, पण गुडघा वाकत नसला की सगळ्यांची मावशी होते. बायका विचारतात, "काऊन वो, एवढ्यातच वात?" मी म्हणते, "हाव, वात." कोणाकोणाला सांगत बसू?

वात नाही तो. मुंबई-पुणं सोडा, मी शेगावच्या पलीकडं कुठं गेलेली नाही. माझं सगळं जाणं-येणं घर ते वावर आणि वावर ते बाजार. त्या एवढ्याशा येण्याजाण्यात माझा पाय गेला.

आमच्या वावरात जायची गाडीवाट शेजारच्या चाचांच्या वावरातून होती. चाचांचं गावात कापडाचं दुकान, ते आता मुलगा बघतो. वावर मात्र चाचा स्वतः करायचे. सासऱ्यांची आणि त्यांची लहानपणापासूनची दोस्ती. ईदला शिरखुर्मा आमच्याकडं, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडं. एका पावसाळ्यात आमचा ट्रॅक्टर फसला आणि काढता काढता त्यांच्या उगवलेल्या सोयाबीनवरून गेला. चाचा बोलले, सासरे त्याहून जास्त बोलले. दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या, खांब रोवले गेले, तारा ओढल्या गेल्या.

सासऱ्यांनी माघार घेतली नाही. म्हणाले, "अडलं मायं खेटर. आपण नाल्यातून जाऊ."

आपण म्हणजे मी. सासरे बाजारात भाजीवर बसायचे, आमचे हे गाडीवरून माल न्यायचे, पण वावरातून रस्त्यापर्यंत तो आणायचा कोणी? मी आणायची. वांग्याचं क्रेट, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, सगळं डोक्यावर घेऊन नाल्यात उतरायचं आणि पलीकडं चढायचं. पावसाळ्यात तिथल्या दगडांवर शेवाळ धरतं. एक दिवस घसरले. वांगी पाण्यात गेली आणि गुडघा मुरगळून खाली आला. चिखलीच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला, आता एवढाच वाकणार. घरी सगळे चार दिवस हळहळले. पुढं मी लंगडत का होईना कामाला लागले आणि विषय संपला. वाट बंद ती बंदच राहिली, कितीतरी वर्षं.

मागच्या साली चाचा-चाचींचा हजला नंबर लागला. आमच्याकडं रीत अशी आहे की हजला निघालेला माणूस आधी घरोघर जातो आणि कहासुना माफ करून घेतो. म्हणजे बोललो-चाललो असेन, काही दुखवलं असेल, तर मनातून काढून टाका. चाचींनी मला एकदा सांगितलं होतं, देवाचं राहिलेलं देव माफ करतो, पण माणसाचं राहिलेलं त्या माणसानंच माफ करावं लागतं. त्याशिवाय तिथं गेलेलं फळाला येत नाही, असं ते मानतात. म्हातारा माणूस एवढ्या लांब जातो, परत येईल न येईल, म्हणून लोकही लगेच हो म्हणतात.

निघायच्या दोन दिवस आधी चाचा आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सासरे खाटेवरून उठले. "भाऊ, कहासुना माफ करजा," एवढं चाचा म्हणाले आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. सासरे म्हणाले, "सोड ना बे, झालं गेलं गंगेले मिळालं." हजला चाललेल्याला गंगा! दोघं हसले, मग दोघांचे डोळे भरले. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. खरं सांगते, बघून बरं वाटलं. आणि तेवढीच आग मस्तकात गेली.

चाचांनी कप हातात घेतला आणि घरभर बघून म्हणाले, "घरच्या सगळ्याइनं माफ करा." आमचे हे "हो हो चाचा" म्हणाले.

मी म्हटलं, "मी नाही केलं."

सासरे म्हणाले, "सूनबाई!"

"तुमचं अन् त्याइचं मिटलं मामाजी. वझं माया डोक्यावर होतं. मले कोणी इचारलं? अन् माफ केलं म्हणता, तर उद्या सकाळी वांगे कुठून आणू? नाल्यातूनच ना?"

चाचा माझ्या पायाकडं बघत होते. हळूच म्हणाले, "हे नाल्यात झालं? मले वाटलं वात हाये."

"सगळ्यायलेच वाटते," मी म्हटलं.

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. चहा प्यायले नाहीत. चपला घातल्या आणि गेले.

मग घरात जे व्हायचं ते झालं. सासरे भिंतीकडं तोंड करून पडले. हे म्हणाले, "माणूस हजले चालला अन् तुले दोन शब्द जड झाले?"

मी म्हटलं, "जड काय असते ते मले नका शिकवू."

पण जेवण मला गेलं नाही. चाचा वाईट माणूस नव्हते. माझ्या पोरीच्या बारशाला पहिलं झबलं त्यांच्याच दुकानातून आलं होतं. ते तिथं जाऊन माझ्या एका शब्दासाठी झुरत राहिले तर? आणि मी नुसतं तोंडदेखलं हो म्हटलं असतं तर माझं काय?

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी वांगी तोडत होते. धुऱ्याच्या बांधापलीकडून चाचींनी हाक मारली. जाऊन बघते तर चाचा कोयत्यानं वाटेवरच्या काट्या ओढून काढत होते. हात रक्ताळलेले, टोपी घामानं भिजलेली. दोन काट्या काढायचे की खाली बसायचे.

चाची म्हणाल्या, "पोरगा म्हणे माणूस पाठवतो. ऐकतच नाहीत. मीच टाकल्या, मीच काढतो म्हणतात. पहाटे गाडी हाये नागपूरची, सामान तसंच पडलं हाये."

मी मदत केली नाही. उभी राहिले. दया येत होती, पण हात पुढं होत नव्हता, आणि उगाच चांगुलपणाचं सोंग करायची मला सवय नाही. सगळ्या काट्या बाजूला झाल्या, तारा सुटल्या, खांब निघाले, कडेचा एकच राहिला तेव्हा चाचा म्हणाले, "बेटा, चाल आता."

मी क्रेट डोक्यावर घेतलं आणि चालले. सपाट, सरळ वाट. बघता बघता रस्ता आला. एवढीच होती ती! रस्त्याच्या कडेला क्रेट ठेवलं आणि मला रडू फुटलं. आपण रडतोय याचाही राग आला. पदरानं तोंड पुसलं आणि परत आले.

चाचांनी पुन्हा माफी मागितली नाही. नुसते बघत होते. मी म्हटलं, "चाचा, पाय काही सुधरत नाही आता."

"समजते बेटा."

"राग बी एका दिवसात जात नाही. पण माफ केलं. मनातून केलं. जा तुमी."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला. मग म्हणाले, "तिथं तुयासाठी काय दुवा मागू?" गावानं त्यांच्याकडं काय काय मागायला सांगितलं होतं, कोणी पोराची नोकरी, कोणी पोरीचं लग्न. माझ्या ओठावर पायाचंच आलं होतं. पण मी त्या उरलेल्या खांबाकडं बघितलं आणि वेगळंच बोलले.

"तुमच्या मागं ही वाट पुन्हा बंद व्हायले नाही पाहिजे. एवढंच मागा."

चाचींनी खाली बघितलं. चाचांनी खिशातून फोन काढून मुलाला बोलावलं. "खेतात ये. आत्ता. दुकान राहू दे."

मुलगा मोटरसायकलवर आला, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठी. चाचांनी त्याच्या हातात सब्बल, खणायची पहार, दिली. "हा खांब तू काढ."

"अब्बा, सकाळी माणूस काढीन ना."

"तू काढ."

त्यानं बाह्या वर केल्या. खांब खोल रोवलेला होता. खणता खणता त्याचा शर्ट मातीनं भरला, तळहात सोलले, पण चाचांनी मधे कुठं हात लावला नाही. खांब आडवा झाल्यावर ते म्हणाले, "मी तिथून नाही आलो, तरी ही वाट उघडी राहायची. समजलं?"

मुलानं मान हलवली.

"मान नको हलवू. तिले सांग."

तो माझ्याकडं वळला. आधी बघवलं नाही त्याला. मग म्हणाला, "भाभी, वाट बंद नाही होनार."

"काऊन बंद केली होती, तेबी सांग," चाचा म्हणाले. "तुया बापाच्या रागापायी. अन् पाय हिचा गेला."

आणि मुलानं तेही सांगितलं, बापासमोर, शब्द न शब्द.