सदील मागेपर्यंत

सदीलला मी ओळखत होतो, असं म्हणायला धीर होत नाही. दोन वर्षं ती रोज दहा मिनिटं दुकानात यायची, एवढंच. तिच्या मनात काय चालायचं, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. आठवतं तसं लिहितो.

जॉर्डनमधल्या साल्ट गावी, चढावर माझं बिया-दाणे भाजण्याचं दुकान आहे. सदील वरच्या घरातली, जन्मापासून बहिरी. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून दोन्ही कानांत यंत्रं बसवली. बाहेरचा भाग कानामागे, आणि केसांतून लोहचुंबकाने चिकटलेली एकेक गोल चकती. ऐकू येऊ लागलं. भाजायचं पिंप फिरलं की ती दचकून माझ्याकडे बघायची. बोलायची मात्र नाही. कलिंगडाच्या बियांकडे बोट दाखवायची, मी मूठभर द्यायचो.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, तोंडाने मागितल्याशिवाय काही देऊ नका. आमच्याकडे लेकराला मागायला लावणं ही देणाऱ्याची लाज. मी मान डोलावली आणि देत राहिलो.

वसंतात तिची आई नुहा आली. आळीतली सगळी मला अम्मो, म्हणजे काका म्हणतात, तीही. "अम्मो, घरी आम्ही देत नाही, म्हणून ती तुमच्याकडे पळते. सप्टेंबरपर्यंत बोलली नाही, तर इथली शाळा तिला घेणार नाही. अम्मानला बहिऱ्यांच्या वसतिगृहात ठेवावी लागेल. मग कुणाला द्याल बिया?"

दुसऱ्या दिवशी मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. सदीलने बोट दाखवलं, पाय आपटले, शेवटी रागाने एक चकती उपटून माझ्या तराजूला चिकटवली. गिऱ्हाइकं हसली. "काय अबू रिबही, म्हातारपणी चिक्कू झालास!"

तिची आजी उम्म फवाज तर भांडायलाच आली. "आमच्या पोरीला भीक मागायला लावतोस?"

"मग तू दे. आणि अम्मानलाही तूच सोडून ये तिला."

असं मी जन्मात कुणाला बोललो नव्हतो. ती स्टुलावर बसून डोळे पुसत राहिली. पण दिलं तिनेही नाही.

एकोणीस दिवस असेच गेले. फार वाईट गेले. विसाव्या दिवशी सदील आली, पिंपाकडे बघितलं आणि म्हणाली, "बिया." आवाज जाडसर, नाकातला, पण शब्द पुरा होता. मी पिशवीच भरून दिली. उम्म फवाजने दारात उभं राहून आमच्या लग्नघरातल्या बायकांसारखी जीभ हलवत अशी किलकारी मारली, की सदीलने घाबरून दोन्ही चकत्या काढल्या.

सप्टेंबरात गावच्या शाळेने तिला घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या बापाला अकबाच्या बंदरावर नोकरी लागली. निघायच्या सकाळी सामानाचा ट्रक दुकानासमोरच उभा होता, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. सदील आत येऊन स्टुलावर चढली. चकत्यांना हात लावला नाही.

"अम्मो, दार लाव ना. केवढा आवाज!"

"लावतो, बाळा."