शेवटचा डबा

राहू गावात सायकल शर्यतीचा शौकीन एकच होता, आणि उरलेल्या दौंड तालुक्यात दुसरा. हा दुसरा दौंड शहरात राहायचा आणि गेल्या गणपतीपासून बोलत नव्हता.

राहूचा शौकीन म्हणजे ईश्वर आप्पा. साठीला टेकलेला, शेवंती-झेंडूची शेती, चार माणसांत चांगलं नाव. हे एक खूळ सोडलं तर माणसात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून गाव सगळा वेळ त्या खुळालाच देई. शर्यत म्हटली की तिथं बैलगाड्याचीच. त्यामुळं डिसेंबर सरत आला आणि आप्पांना हुरहूर लागली, की पारावरचा जालिंदर मुद्दाम विषय काढायचा.

"आप्पा, कवा सुरू व्हतोय म्हणायचा तुमचा हंगाम?"

"जानेवारीत. पहिली ऑस्ट्रेलियात. मग हळूहळू युरोपात सरकत जातंय."

"आन् पहिल्या नंबराला काय? ट्रॅक्टर का बुलेट?"

"पैसं असत्यात की. पन मान जर्सीचा. जो फुडं असंल त्याच्या अंगात घालत्यात."

"बनियन?" जालिंदर पाराकडं वळून म्हणायचा. "आरं, आठवडाभर उन्हात तंगड्या मोडायच्या आन् बनियन? आपल्या हितं सरपंचकीला पडलेला गडी बी फेटा बांधून घरी जातो."

घरी पुतळाबाईंचं मत याहून थोडक्यात होतं. "परक्याची पोरं सायकली चालवत्यात आन् ह्यांचं पाय दुखत्यात."

यंदा मात्र त्या काही बोलल्या नाहीत. आप्पा यंदा कशाची वाट बघतायत ते त्यांना ठाऊक होतं. सायकलींची नव्हे.

दौंडचा दुसरा शौकीन म्हणजे नागसेन गार्ड. त्याची आणि आप्पांची ओळख भांडणातून झाली, आणि पुढं पंचवीस वर्षं त्या भांडणावरच टिकली. आप्पा तेव्हा तरणे होते. शेवंतीचे गठ्ठे सायकलच्या कॅरेजला बांधून राहूहून केडगाव स्टेशन गाठायचं आणि पुण्याची पॅसेंजर धरायची. एकदा समोरून वारा होता. आप्पा फलाटावर घुसले तेव्हा गाडी हललेली. शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनच्या दारात, पांढऱ्या कपड्यातला गार्ड हिरवी झेंडी धरून उभा.

"ओ साहेब, थांबवा की! फुलं सुकतील!"

"ए फूलवाले," गार्ड शांतपणे म्हणाला, "गाडी फुलांच्या टायमावर नाही चालत. पण आलास ना शेवटपर्यंत? शाबास!" आणि गाडी गेली. त्या दिवशीची फुलं आप्पांनी म्हशीपुढं टाकली. दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायच्या म्हणून ते लवकर गेले, ब्रेकव्हॅनमध्येच चढले, आणि शिव्या देऊन संपेपर्यंत पुण्याजवळचं मांजरी आलं.

पुढं एका जुलैत दोघं दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरमसाठी नंबर लावून बसलेले असताना टीव्हीवर कुणीतरी चुकून भलताच चॅनेल लावला. डोंगराच्या वळणावरून दीडशे सायकली एका माळेत चढत होत्या. कॅरमचा नंबर आला आणि गेला. दोघं उठले नाहीत.

तेव्हापासून दर जानेवारीला हंगामाचा शुभारंभ नागसेनच्या घरी. साखर कारखान्याच्या गळिताला चेअरमन गव्हाणीत उसाची मोळी टाकतात, तसं आप्पा उसाचं एक कांडं घेऊन जायचे. दोघं टीव्हीपुढं पेपर पसरून ते खायचे. भाषण कुणी करत नसे, एवढाच कारखान्याहून फरक. थंडीत कोण सायकलपटू कुठला संघ सोडून कुठं गेला याची आधी उजळणी व्हायची. त्याचं दोघांना नवल वाटत नसे; दोघंही महाराष्ट्रातले मतदार होते.

भांडण ठरलेलं. आप्पा पहिल्या येणाऱ्याचे. जो एकटा पुढं पळेल, वारा अंगावर घेईल, तो त्यांचा. नागसेन शेवटच्याचा. आयुष्यभर गाडीच्या शेपटाला राहिलेला माणूस. इंजिनाचं कौतुक त्याला कधी कळलंच नाही.

"फूलवाले, इंजिन आलं म्हणजे गाडी आली का? स्टेशनवाला काय बघतो? शेवटच्या डब्यामागची फुली. फुली दिसली तर गाडी पुरी आली. नाही दिसली, तर मागं काहीतरी सुटलंय. मग लाइन बंद. दुसरी गाडी सोडायची नाही."

त्यामुळं जिंकणारा जिंकून, फुलं घेऊन, मुलाखत देऊन गेला तरी नागसेन हलायचा नाही. डावा हात खांद्याइतका वर, झेंडी धरल्यासारखा. शेवटचा सायकलवाला रेघ ओलांडताना दिसला की हात खाली. कॅमेरेवाल्यांना शेवटच्याचं सोयरसुतक नसतं, त्यामुळं पुष्कळदा तो दिसतच नसे, आणि नागसेन रेल्वे बोर्डाला द्याव्यात तशा शिव्या कॅमेरेवाल्यांना द्यायचा. एकदा आप्पांना एसटी गाठायची होती. ते म्हणाले, "आला आला, शेवटचा बी आला. चल, निघतो."

"आकडा सांग."

"आँ?"

"पाठीवरचा आकडा. नाही सांगता येत? मग आला नाही. फूलवाले, मी गार्ड आहे. कुणाच्या सांगण्यावरून झेंडी खाली करत नाही."

एसटी गेली. आप्पा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गेले आणि पुतळाबाईंनी त्याबद्दल जे सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

गणपतीत नागसेनला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी सृष्टी कुरकुंभच्या कंपनीत लॅबला होती. तिची आई आधीच वारलेली. डॉक्टर तिला म्हणाले, "त्यांच्या आवडीचं दाखवत राहा, ऐकवत राहा. कधी कधी फरक पडतो." डॉक्टरांनी हे माणूस बोलतं तसं सहज म्हटलं असणार. आप्पांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घेतलं. पण आवडीचं दाखवायचं कुठून? हंगाम बंद. आप्पांनी जुन्या शर्यती मोबाइलवर दाखवून पाहिल्या. नागसेन बघायचाच नाही.

"जुन्याला कशाला बघंल?" आप्पा सृष्टीला म्हणाले. "त्याला निकाल ठाव हाय. नवी सुरू होऊ दे. जानेवारी येऊ दे. मग बघ बोलतोय का न्हाई ते. पहिलं मलाच शिव्या घालंल."

"व्हय, आप्पा," सृष्टी म्हणाली. तिची दौंडची शहरी बोली. तिनं 'व्हय' म्हटलं की ती म्हाताऱ्याचं मन राखते आहे हे समजायचं.

असा दसरा गेला, दिवाळी गेली, आप्पांची शेवंती चांगल्या भावानं गेली. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कुणीतरी विचारलं, आप्पा, यंदा एवढे खुशीत? आप्पा म्हणाले, "जानेवारी जवळ आला ना." समोरचा संक्रांत समजला.

जानेवारीत शर्यतीच्या दिवशी आप्पा भल्या सकाळी मोटरसायकलवर निघाले. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. एकाला ओलांडावं तर पुढं दुसरा. दौंडला पोचले तेव्हा बोटं गारठलेली. सृष्टीनं रजा टाकली होती. नागसेनला उशा लावून टीव्हीपुढं बसवलेलं, दाढी केलेली, अंगात स्वेटर.

"गार्डसाहेब! हंगाम सुरू!" आप्पांनी पिशवीतून कांडं काढलं.

"आप्पा, ऊस नको," सृष्टी म्हणाली. "ठसका लागतो त्यांना."

मग आप्पांनी एक पेर दातानं सोलून फडक्यात धरून पिळलं. चमचाभर रस निघाला. सृष्टीनं तो बापाच्या ओठाला लावला. अर्धा हनुवटीवरून स्वेटरवर आला. गळिताचा शुभारंभ झाला.

पडद्यावर ऑस्ट्रेलियातलं ऊन होतं. आप्पा बोलत राहिले. कोण कुठल्या संघात गेला, कुणी लग्न केलं, वारा कुठून आहे. नागसेन पडद्याकडं बघत होता की पडद्यामागच्या भिंतीकडं, हे सांगता येत नव्हतं. मध्यावर चार-पाच जण एकमेकांवर पडले. बाकीचे उठून गेले. हिरव्या कपड्यातलं एक पोरगं मागं राहिलं. कोपर फुटलेलं, पाठीवर एकशे सदतीस. कॅमेऱ्यानं त्याला थोडा वेळ दाखवलं आणि नागसेनची डावी बोटं चादरीवर हलली.

"सृष्टे! बघ! बघितलंस का?"

सृष्टीनं बघितलं होतं. ती पाणी आणायला गेली. तिनं बापाचं तोंड आपल्याकडं वळवून पाणी पाजलं, ओठ पुसले. तेवढ्यात इकडं पडद्यावर ते पोरगं रस्त्याच्या कडेला थांबलं. सायकल दुसऱ्याच्या हातात दिली, संघाच्या गाडीचं दार उघडलं आणि आत बसलं. आप्पांनी पाहिलं. एकट्यानं पाहिलं. नागसेनचं तोंड परत वळेपर्यंत पडद्यावर पुढचे पळणारे आले होते.

कुणीतरी जिंकला. आप्पांचा वारा अंगावर घेणारा जिंकला, पण ते त्यांना नंतर आठवून बघावं लागलं. कारण नागसेनचा डावा हात वर उठला होता. खांद्याइतका. मूठ झेंडीची.

"आप्पा," सृष्टी म्हणाली. "आप्पा, हे... चार महिन्यांत पहिल्यांदा."

"म्हनलं नव्हतं? आता बोलंल. गार्डसाहेब, बोला! द्या शिव्या!"

नागसेन बोलला नाही. वाट बघत राहिला. घोळका आला, मागची माणसं आली, सुटीसुटी माणसं आली. मग जाहिरात लागली. मग शर्यत जाऊन कबड्डीचा जुना सामना लागला. हात तसाच. दंड थरथरायला लागला, कपाळावर घाम आला, डोळे कबड्डीवर रोखलेले. जणू त्या मैदानातूनच हिरवं पोरगं येणार होतं.

"बाबा, खाली घ्या हात. दुखेल." सृष्टीनं मनगट धरलं. हात उतरेना.

आप्पांना कळलं, की ते पोरगं येत नाही तोवर हा हात असाच राहणार. आणि ते पोरगं तर केव्हाच गाडीत बसून गेलेलं.

ते खुर्ची ओढून मित्राच्या तोंडासमोर बसले. "गार्डसाहेब," ते म्हणाले. "आला. शेवटचा बी आला. म्या बघितला."

आकडा त्यांनी जिभेवर धरून ठेवला होता. एकशे सदतीस. कोपर फुटलेलं, हिरवे कपडे. सगळं तयार होतं. बोलून विचारता येत नसेल तर नागसेन निदान डोळ्यांनी आकडा विचारील. भुवई उचलील. हात आणखी घट्ट धरील. एवढंच व्हायला हवं होतं. मग आप्पांनी उन्हाळाभर, पावसाळाभर, डोंगरावरच्या सगळ्या शर्यती इथं येऊन बघितल्या असत्या.

नागसेननं आप्पांकडं पाहिलं. आणि हात हळूच खाली घेतला.

"बरं झालं," सृष्टी म्हणाली. "तुमचं ऐकलं त्यांनी."

"व्हय," आप्पा म्हणाले. "ऐकलं."

त्यांनी उसाचं उरलेलं कांडं पिशवीत घातलं. वाटेत पुन्हा ट्रॉल्या लागल्या. आप्पांनी एकीलाही ओलांडलं नाही. राहूपर्यंत त्यांच्या मागंमागंच आले.