ब्रेकची फुगलेली रबरं

आमची जीप माझ्या लग्नाच्याही आधीची. तिले दुसऱ्या कोण्या मिस्तरीचा हात कधी लागला नाही. नेर गावात ब्रेकचं काम निघालं का लोक आमच्या यायच्या, माझ्या नवऱ्याच्याच दारात येत. आता गॅरेज बंद आहे. दोन वर्षांपासून हे इसरतात. चहात दोनदा साखर टाकतात, मेलेल्या भावाले फोन लाव म्हणतात. यवतमाळच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगतलं, मी ते ध्यानात नाही ठेवलं. म्या मनाशी एकच धरून ठेवलतं: जोपर्यंत या माणसाले ब्रेक समजते, तोपर्यंत हा माणूस माझा आहे.

मागच्या महिन्यात यायनं जीप बसस्टँडवर नेली, मी बाजूले होती. येता येता चारही चाकं जाम. चाकाचे ड्रम असे तापले का हात लावला तर पोळे. सकाळी थंड झाल्यावर ढकलली तर मस्त चालली. आता हे काय सांगतात, म्हणून मी बाजूलेच उभी राह्यली.

हे चाकाजवळ बसले. पहिले ब्रेक शू ढिले केले. फरक नाही. मग चाकातलं सिलिंडर खोललं, आतलं रबर काढलं अन् नव्या रबराच्या बाजूले ठेवलं. जुनं टम्म फुगलं होतं. मग वरच्या ब्रेक ऑईलच्या टाकीत बोट बुडवून वास घेतला.

"हे ब्रेक ऑईल नोहे, ट्रॅक्टरचं तेल आहे. याच्यानं रबर फुगते. गरम झालं का तिथंच अडकते, मागं येतच नाही."

बाप्पा, मले काय आनंद झाला! एक शब्द अडखळला नाही. वाटलं, पुण्याच्या पोराले फोन लावाव अन् म्हणाव, पाय तुझा बाप, अन् तू गाडी इकाले निघाला!

"कोण्या गधड्यानं टाकलं हे?" यायनं इचारलं.

तवा मले आठवलं. शनिवारी हेच बोनेट उघडून तेलाचा डबा घेऊन उभे होते. मी ओसरीत भाजी निवडून राह्यलती. पाह्यलं, पण बोलली नाही. मिस्तरीले आपण काय सांगाव? याच चुकीसाठी या माणसानं जिंदगीभर कारागिरायले शिव्या घातल्या होत्या.

"म्या टाकलं," मी म्हणलं.

मग काय, अर्धा तास माझी हजेरी. "इतके वर्षं माझ्या घरात राह्यली, तुयी अक्कल काय शेण खाले गेलती?" मी मान खाली घालून ऐकत राह्यली. खरं सांगू? बरं वाटत होतं. असा रागावणारा नवरा मले ओळखीचा होता.

दोन दिवसांत सगळी रबरं बदलली, पाईप धुतले, नवं तेल भरलं. उरली पाईपातली हवा काढाची. हे दोघांचं काम, मले लग्नापासून येते. मी पायडलवर, हे चाकाखाली. "मार" म्हणलं का मी चारदा दाबते. "धर" म्हणलं का पाय दाबून ठेवते. हे खालून निपल ढिला करतात, हवा फुसकन निघते, हे पुन्हा कसतात, मग म्हणतात "सोड". त्याच्या आधी सोडला तर हवा परत आत.

तीन चाकं झाली. पायडल कडक येऊन राह्यलतं. मले वाटलं, जमलं. चौथ्या चाकाले "मार" झालं, "धर" झालं. पायडल खाली गेलं. पुढं "सोड" काही येईना. मी वाट पाह्यली.

"अजी, सोडू काय?"

मग खालून आवाज आला, पाहुण्याशी बोलतात तसा, अदबीनं.

"गाडीत कोण बसलं आहे जी?"

सगळ्या संसारात यायनं मले कधी 'जी' म्हणलं नोहतं. मी तोंडात पदर कोंबला अन् रडली. पाय मात्र तसाच दाबून ठेवला.