माझा गुडघा आणि नळदुर्गची ट्रिप

परवा आमच्या तुळजापूरच्या घरात नळदुर्गच्या किल्ल्याची ट्रिप ठरली. माझ्यासमोर बसून, माझ्याशिवाय!

लेक पुण्याहून आलेली, मुलगा-सून घरचेच. गाडी कुणाची, पाणीमहाल आधी की बुरूज आधी... गप्पा रंगात आल्या होत्या. चहा देता देता मी म्हणाले, "मी बूट घालते बाई, चप्पल घसरते."

सगळ्यांनी एकदम माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग लेक म्हणाली, "आई, तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना? तू घरीच थांब." आणि लगेच पुढं, "रविवारी सकाळी धपाटे तेवढे करून दे हं."

म्हणजे बघा... ओट्याशी उभं राहायला हा गुडघा चालतो, किल्ल्यावर जायला चालत नाही! ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं. देवळाच्या पायऱ्या मी रोज उतरते, चढते. ते कुणाला दिसत नाही.

विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, सोनारीहून चार दिवस राहायला आल्या होत्या. जन्मभर शेतात राबलेल्या बाई. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. "दोघींना एकमेकींची सोबत होईल" म्हणे!

दुपारी मी भांडी आदळत होते. विहीणबाई म्हणाल्या, "ताई, भांड्यांवर कशाला राग काढता? उद्या आपुनच जाऊ की. एसटी हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मुलगा-सून कामाला आणि लेक मैत्रिणीकडे गेल्यावर मी गुडघ्याला पट्टा बांधला, आणि आम्ही निघालो.

बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत. बसत, दम खात, एकमेकींचा हात धरत चढलो. वर पोचलो तर वाऱ्यानं पदर डोक्यावर ठरेना. खाली नदी, लांबवर रानं...

विहीणबाईंनी पदर कमरेला खोचला आणि चारी बाजूंनी फिरून बघितलं. मग म्हणाल्या, "लेक दिल्यापास्नं तुळजापूरला येतीय म्या. दरखेपी देवी आन तुमचं घर. हितं कुणी आणलंच न्हाय की."

 न आणणाऱ्यांत मीही होतेच ना...

संध्याकाळी मुलगा चिडला. "सांगून तरी जायचं, आई! पडली असतीस म्हणजे?"

"तुम्ही विचारून तरी ठरवायचं," मी म्हणाले. सून मान खाली घालून आपल्या आईचे पाय चेपत बसली होती.

रात्री गुडघा सुजला, खोटं कशाला सांगू. पोरांनी नीट विचारलं असतं, तर कदाचित मीच म्हणाले असते, "बुरूज नको रे, मी खाली बसते." पण ते म्हणायचा हक्क तरी माझा होता.

विहीणबाईंचे मनापासून आभार. पोरांवरचा राग मात्र अजून आहे... आणि ही पोस्ट ते वाचणार आहेत, हे मला माहीत आहे.