पोपटी झंपर आणि भानुदासचा वायदा

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साचतात ना, तसे किस्से साचतात. झाडून टाकले तरी चार तुकडे कोपऱ्यात राहतातच. आमचं टोळकं रोज संध्याकाळी भानुदास शिंप्याच्या दुकानात जमायचं. मी पोस्टातला कारकून, शाळेतले सायमन मास्तर आणि टांगेवाला उस्मान. श्रीरामपूरपासून रेल्वेनं अर्ध्या तासावरचं आमचं गाव. दुष्काळ अजून पुरता सरला नव्हता, नगरपालिकेची निवडणूक लागली, आणि आमचा भानुदास चक्क उभा राहिला!

कारण एकच, नळ. अख्ख्या वॉर्डात नळ एक, तोही बन्सीशेठच्या ओट्याला चिकटून. बन्सीशेठ म्हणजे बडे अडते आणि दोन खेपेचे मेंबर. पहाटे पाणी सुटलं की तिथं हंड्यांचा असा खडखडाट आणि भांडणांचा असा कालवा, की शेठजींच्या बायकोला, म्हणजे काकूंना, झोप माहीत नव्हती. आणि आमच्या गल्लीच्या बायका एवढ्या लांबून हंडा आणीपर्यंत निम्मं पाणी पदरावर! "गल्लीत दुसरा नळ आणतो," एवढंच भानुदासचं म्हणणं.

माणूस लाखात एक, पण एक खोट होती. कपडे वेळेवर दिले असं त्याच्या हयातीत घडलं नव्हतं! "परवा या" हे ठरलेलं उत्तर. सायमन मास्तरांनी लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट थोरल्याच्या बाप्तिस्म्याला घातला. वर भानुदास म्हणतो कसा, "मास्तर, घाई केली असती तर आज पोटावर बसला असता का?"

* * *

अर्ज भरायला आम्ही चौघं गेलो. तपासणारे साहेब भलतेच कडक. एवढ्यातेवढ्या चुकीवरून दोघांचे अर्ज आमच्या डोळ्यांदेखत बाद केले. आमचा उमेदवार समोर उभा, पण नजर साहेबांच्या काखेत!

"नाव?"

"साहेब, काखेत उसवलंय."

मास्तरांनी त्याला असा चिमटा काढला की मलाच कळ आली. म्हटलं, गेला अर्ज! साहेबांनी हात वर करून पाहिलं, तर खरंच बोटभर उसवलेलं. भानुदासच्या कॉलरीत सुई-दोरा कायमचा. साहेबांनी मुकाट्यानं कोट काढून दिला, ह्यानं उभ्या उभ्या चार टाके घातले.

कोट अंगात चढवून साहेब अर्ज चाळायला लागले आणि हळूच म्हणाले, "शिंपीबुवा, खाली सही राहिलीय तुमची. ती करा आधी!"

* * *

भानुदासला निशाणी हवी होती शिवणाचं मशीन. ते यादीतच नव्हतं. वाट्याला आली छत्री! बन्सीशेठला मिळाला तराजू. गल्लीतली सखूमावशी, सगळ्या बायकांची पुढारीण, ती म्हणाली, "बरं झालं बाई. पाऊस न्हाई तर न्हाई, छत्री तरी दिसंल!"

प्रचार उस्मानच्या टांग्यातून. एरवी तो त्याच टांग्यातून सिनेमाचं पुकारायचा, त्यामुळं जिभेला वळण पडलेलं. भोंगा तोंडाला लावला आणि सुरू झाला, "ऐका हो ऐका! येत्या रविवारी मराठी शाळेत, छत्रीवर शिक्का मारा! रोज तीन खेळ! बायकांची स्वतंत्र सोय!"

मी धावत जाऊन टांगा थांबवला. म्हटलं, "उस्मानभाई, काय बोलताय?"

"मग काय, बायकांची रांग वेगळी न्हाई का?"

पुढं चार दिवस पोरंटोरं दुकानात येऊन विचारायची, हिरोईन कोण आहे म्हणून.

* * *

बन्सीशेठ मात्र मुरलेला गडी. चौकातल्या सभेत त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "जो माणूस झंपर वेळेवर देत नाही, तो नळ काय देणार?"

सभा हसून लोळली. आम्हीसुद्धा हसलो, खोटं कशाला बोलू! भानुदास तेवढा हसला नाही. घरी जाताना म्हणाला, "खोटं काय बोलले ते? खरंच आहे." फार वाईट वाटलं हो मला. नळासाठी एवढी धडपड चाललेली, आणि आडवा येतोय कोण, तर स्वतःचाच वायदा.

मतदानाला आठ दिवस राहिले आणि शेठजींनी वॉर्डातल्या एकूण एक बाईला झंपरचं कापड वाटलं. सगळं एकाच ताग्यातलं, पोपटी! काकूंनाही त्यातलंच. वॉर्डात शिंपी किती? एक! दुसऱ्या दिवशी सगळं पोपटी कापड भानुदासच्या दुकानात.

सखूमावशी म्हणाली, "मतदानाला घालून जायाचं हाय. तवर द्यायला जमंल का, का परवा येऊ?"

बायका फिस्सकन हसल्या. भानुदासनं मान वर केली नाही. "शनिवारी न्या," म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. "अरे, ही शेठजींची मतं! तू स्वतःच्या हातानं शिवून देणार? उठ, प्रचाराला चल."

"गिऱ्हाईक आहे," म्हणाला. "शब्द दिलाय."

तो आठ दिवस मशीनवरून हलला नाही. प्रचार आम्हीच केला. मास्तर काजं करायला बसले, उस्मान हुक लावायला. मी पोस्टाच्या सवयीनं गठ्ठे लावून नावं टाकली. शनिवारी दुपारी शेवटचा झंपर शिवला तो काकूंचा. घाईत जरा तंग झाला, पण गेला! जन्मात पहिल्यांदा भानुदास शिंप्याचा वायदा पुरा झाला. आमच्या डोळ्यांत पाणीच आलं.

* * *

रविवारी मराठी शाळेत बायकांची रांग म्हणजे नुसते पोपट! बन्सीशेठ फाटकाशी उभे राहून मिशीत हसत होते. मी मास्तरांना म्हटलं, "संपलं. आपण आपल्या हातांनी आपलं कफन शिवलं."

आत उमेदवारांच्या बाकावर भानुदास बसलेला. एवढ्यात एक इसम रामभाऊच्या नावानं मत द्यायला आला. आमचा रामभाऊ तर दोन महिने पुण्याला. भानुदास उठला. "साहेब, हा रामभाऊ नाही. रामभाऊचा डावा खांदा उतरता आहे, ह्याचे दोन्ही सरळ."

"पुरावा काय?" मतदानाचे साहेब म्हणाले.

भानुदासनं गळ्यातली टेप काढली आणि म्हणाला, "सरळ उभा राहा रे."

तो इसम जो पळाला, तो स्टेशनावर जाऊनच थांबला असणार!

* * *

सोमवारी मोजणी झाली. एकदा मोजलं, शेठजींनी हट्ट धरला म्हणून पुन्हा मोजलं. भानुदास आला! एका मतानं!

गुलाल उधळून झाला, टांग्यातून मिरवणूक निघाली. सखूमावशीनं भानुदासला ओवाळलं आणि म्हणाली, "कापाड त्येचं हुतं, पन वायदा तुजा हुता. आता नळाचाबी पाळ म्हंजी झालं!"

संध्याकाळी आम्ही दुकानात बसलो होतो. वाद एकच, ते एक मत कुणाचं? मास्तर म्हणाले, माझं, मी पायाला प्लॅस्टर असलेल्या हेडमास्तरांना खांद्यावर आणलं. उस्मान म्हणाला, माझं, तीन खेळ पुकारून घसा बसला. मी म्हटलं, गठ्ठ्यांवर नावं कुणी टाकली?

वाद अगदी हातघाईवर आला आणि दारात काकू. बन्सीशेठ पडले त्याच दिवशी त्यांची बायको दारात!

काकूंनी पदराखालून पोपटी झंपर काढला आणि कटिंगच्या टेबलावर ठेवला.

"बाही सैल करून द्या, भानुदास. दंडात इतकी काचते, की काल छत्रीपर्यंत हात न्यायचा तर जीव गेला माझा!"

भानुदासनं झंपर उचलला. एकदा काकूंकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. मग मशीनवरचं शिवण बाजूला सारलं आणि म्हणाला, "बसा काकू. आत्ता देतो."