बाओ-जूची हिरवी बांगडी

बाओ-जूला कुणाचंच चांगलं बघवत नसे असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिला फक्त पेइ-लिंगचं बघवत नसे. आणि गेल्या वर्षभरात पेइ-लिंगचं सगळं चांगलंच होत चाललं होतं, त्याला बिचारी बाओ-जू काय करणार?

तैवानमधल्या च्यायी शहरातल्या आमच्या इस्पितळात सर्जरीचा वॉर्ड बाओ-जूचा. कागदोपत्री ती तिथली हेड नर्स, लाय सिस्टर; खरं तर मालकीणच. किनाऱ्यावर कालवं सोलणाऱ्या बाईची ही पोर. नर्सिंग शिकायला निघाली तेव्हा आईने साबणाचा फेस लावून तिच्या डाव्या हातात जेडची हिरवी बांगडी चढवली आणि म्हणाली, "ही तुला राखेल." पुढे आई गेली, बाओ-जूचा हात भरला आणि बांगडी मनगटातच अडकून राहिली. अशी बांगडी आमच्यात कुणी काढत नाही. आपणहून फुटली तर अंगावरचं संकट घेऊन गेली म्हणायचं. मुद्दाम फोडायची म्हणजे संकटाला घरी आवतण द्यायचं. इस्पितळात हातात काही घालायला बंदी, पण ज्यांची निघत नाही त्यांनी बांगडी वर सरकवून पट्टीने बांधावी, अशी सवलत बाओ-जूनेच फार पूर्वी वरिष्ठांशी भांडून मिळवली होती.

सार्सची साथ आली त्या वर्षी ती कित्येक आठवडे घरी गेली नाही. संसर्गापासून बचावाचा अंगरखा कसा चढवायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसा उतरवायचा, हे तिने ओरडून ओरडून सगळ्या इस्पितळाला शिकवलं. त्यामुळे संसर्ग नियंत्रण विभागाला मुख्य नर्स नेमायचं ठरलं, तेव्हा बाओ-जूने आधीच केस कुरळे करून घेतले. खुर्ची मिळाली पेइ-लिंगला. जिला बाओ-जूने मनगट धरून हात धुवायला शिकवलं, त्या पेइ-लिंगला!

तेव्हापासून बाओ-जूचा नुसता जळफळाट. पेइ-लिंगच्या फालतू विनोदावर संचालक हसत. जे डॉक्टर बाओ-जूचं आयुष्यभर ऐकत नव्हते, ते पेइ-लिंगच्या "डॉक्टर, हात राहिले बरं का" एवढ्या गोड बोलण्यावर मुकाट्याने नळाकडे वळत. कोपऱ्यावरचा टर्की-भातवालासुद्धा मेला तिच्याच वाडग्यात तळलेला कांदा जास्त घालायचा. सगळे तिला मॅडम म्हणत. बाओ-जू एकटी भर बैठकीत हाक मारायची, "ए पेइ-लिंग."

मग वॉर्डात तीन पेशंटांच्या जखमांत एकच चिवट जंतू सापडला. त्यातले एक त्साय आजोबा. पोटाचं ऑपरेशन होऊन घरी जायला निघालेले, त्यांची जखम पुन्हा उघडली. ते बाओ-जूला 'पोरी' म्हणत आणि तिच्याशिवाय कुणाला पट्टीला हात लावू देत नसत. पेइ-लिंगने नळ, गाड्या, पलंगाच्या दांड्या, सगळ्यांचे नमुने घेतले. काहीच हाती लागलं नाही. बाओ-जूला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पेइ-लिंगने सगळ्या नर्सना बोलावून हातांची तपासणी ठेवली. चमकणारं मलम हाताला चोळायचं, नेहमीसारखे हात धुवायचे आणि अंधारात निळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे मलम राहिलं असेल तिथे उजेड दिसतो.

"शिकवणाऱ्याने आधी आपले दाखवावेत," बाओ-जू म्हणाली.

पेइ-लिंगने दाखवले. कुठे ठिपका नव्हता.

"ताई, आता तुम्ही," मागून कुणीतरी म्हणालं.

बाओ-जूने पट्टी सोडली, बांगडी खालीवर करून हात चोळून चोळून धुतले, बांगडी वर चढवली आणि ऐटीत हात दिव्याखाली धरला. बोटं स्वच्छ, तळवा स्वच्छ. मनगटाभोवती मात्र उजेडाचं कडं होतं. आणि सगळ्यांच्या देखत बांगडीखाली अडकलेला पाण्याचा थेंब चमकत खाली ओघळला आणि तळव्यावर उतरून बोटापर्यंत गेला.

पेइ-लिंगने झटकन मोठा दिवा लावला. "हा दिवा जुना झालाय. आज इथेच थांबू या."

बाओ-जूच्या अंगाची लाही झाली. दया! तीसुद्धा हिच्याकडून!

ती वॉर्डात गेली. त्साय आजोबांनी सदरा वर केला, "ये पोरी, बदल पट्टी." आपले हातमोजे बांगडीपाशी अडतात, तिच्या अलीकडेच संपतात, हे तिला आजवर हजारदा दिसलं होतं. "आज दुसरी येईल आजोबा," ती म्हणाली आणि तिथून निघाली. बांगडीखालचा नमुना तिने स्वतःच घेतला आणि स्वतःच प्रयोगशाळेत नेऊन दिला.

तोच जंतू निघाला.

प्लास्टरच्या खोलीत तिने पेइ-लिंगला बोलावून घेतलं. "तुला माहीत होतं?"

"शंका होती, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची भीती वाटते. अजूनही वाटते."

"आजोबांची जखम उघडली आणि तुला माझी भीती वाटते?"

पेइ-लिंगने मान खाली घातली. "चूक माझी आहे. खुर्चीत बसले त्याच दिवशी ती सवलत मी बंद करायला हवी होती."

"बघा! आता चूकसुद्धा हिलाच हवी," बाओ-जू उसळली. "सगळं नेलंस, ती तरी माझी राहू दे."

हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, वरून साबण लावून दोघींनी ओढून पाहिलं. अंगठ्याचं हाड लालबुंद झालं, बांगडी काही पुढे सरकेना.

"राहू दे ताई," पेइ-लिंगचे डोळे भरले होते. "आईंची आहे. तुम्ही ऑफिसचं काम बघा, जखमांना हात लावू नका, म्हणजे झालं."

"जखमेला हात लावायचा नाही आणि म्हणे हेड नर्स. मग मी काय पडदे मोजत बसू?" बाओ-जूने भिंतीवरची प्लास्टर फोडायची हातोडी काढून टेबलावर ठेवली. "हुकूम दे."

"तुम्हाला मी कसा देऊ?"

"नाही दिलास तर ती खुर्ची माझी होती असं मी मरेपर्यंत म्हणेन, आणि ते खरंच असेल." आईने लावलेला फेस तिला आठवत होता. मग तिने पाय जुळवले, सरळ उभी राहिली. "द्या हुकूम, मॅडम."

पेइ-लिंगने डोळे पुसले. तिचा आवाज निघाला तेव्हा तो गोड अजिबात नव्हता.

"लाय सिस्टर, बांगडी काढा."

"निघत नाही, मॅडम."

"मग फोडा."

मनगटाखाली टॉवेल घेऊन बाओ-जूने बांगडी टेबलाच्या कडेवर टेकवली आणि एकच घाव घातला. दोन तुकडे झाले. खालची कातडी तान्ह्या पोरासारखी पांढरी आणि मऊ होती. पेइ-लिंगने तुकडे उचलून रुमालात बांधले. बाओ-जूने कोपरापर्यंत हात धुतले. हुकूम किती छान दिला मेलीने, आपल्याला असा जमला असता का, या विचाराने तिला पुन्हा हेवा वाटला. जायचा थोडाच तो एका घावात!

पुढे मनगटाचा नमुना स्वच्छ आला आणि मॅडमनी परवानगी दिली, तेव्हा ती पट्टीचं सामान घेऊन त्साय आजोबांपाशी गेली. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं.

"पोरी, बांगडी कुठे गेली?"

"मॅडमनी काढायला लावली."

"कोण मॅडम?"

"आहेत आमच्या एक," बाओ-जू हातमोजा मनगटाच्या वरपर्यंत ओढत म्हणाली. "फार कडक आहेत."