फरशीवरचे डिंकाचे डाग

कुकरच्या वाफेने गॅसमागच्या भिंतीच्या फरशीवरची चिठ्ठी सुटली, तशी आईने ती ओल्या अंगठ्याने पुन्हा दाबून बसवली. चिठ्ठीवर इंग्रजी शब्द होता, ‘मेटिक्युलस’, म्हणजे काटेकोर. साठी उलटल्यावर आई भारी भारी इंग्रजी शब्द शिकते आहे, आणि तिचा नियम कडक आहे. शब्द कुणाशी तरी खरोखर बोलून झाल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही. “नुसता पाठ झाला म्हणजे आपला झाला असं नाही,” ती म्हणते.

मागे तिच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर माझ्याशीच इंग्रजीत बोलत होते. आई शेजारी बसून होती, आणि तरी नसल्यासारखीच. भाषा माणसाला असं भरल्या खोलीतून उठवून बाहेर बसवते. मग आई शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, आय ॲम रिलक्टंट.” म्हणजे, माझं मन तयार होत नाही. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सगळं पहिल्यापासून तिला समजावून सांगितलं. घरी येताच, चप्पलसुद्धा न काढता, तिने ‘रिलक्टंट’ची चिठ्ठी काढली.

अशा काढलेल्या चिठ्ठ्यांचे डिंकाचे डाग फरशीभर आहेत. काल रंगारी म्हणाला, “हे घासून देऊ का?”

मी म्हटलं, “राहू द्या. आईची कमाई आहे ती.”